सासूबाईंच्या डोळ्यातला ग्रीक धबधबा

माझ्या एका वाक्यामुळे परळच्या हॉस्पिटलात सहा आज्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला नकार दिला.

दोष माझ्या नादाचा. रिटायर झाल्यापासून मी इंग्रजी शब्दांची मुळं खणत बसतो. (बायको म्हणते, त्यापेक्षा कुंडीतली माती खणा!)

लालबागच्या माझ्या सासूबाई दोन वर्षं ऑपरेशन टाळत होत्या. पण नातीचं, म्हणजे माझ्या लेकीचं, लग्न महिन्यावर आलं आणि नवरी झालेली नात धड दिसावी म्हणून त्या एकदाच्या तयार झाल्या. आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या मोफत शिबिरात नाव घातलं. ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात हिरवा झगा घालून, कुठला डोळा ते कळायला भुवईवर चिकटपट्टी लावून त्या बाकावर बसल्या. शेजारी तशाच आणखी पाच जणी.

"अजिबात घाबरू नका," मी म्हणालो. "कॅटरॅक्ट हा मुळात ग्रीक शब्द. अर्थ काय, तर धबधबा!"

"डोळ्यात धबधबो?" सासूबाई दचकल्या. "आणि तो फोडल्यार पाणी खय जातला?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मी कसला बसतोय! "धबधबा म्हणजे धो धो कोसळणारं..."

"कोसळतला?" शेजारच्या आजींनी चिकटपट्टी ओढून काढली. "चला गो घराक! जावई शिकलेलो आसा, खोटा कित्याक सांगात?"

सहाही जणी लिफ्टकडे निघाल्या. मागे नर्स, नर्सच्या मागे माझी बायको. "अहो, कुठे तरी गप्प राहा ना!"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "कोण म्हणालं हे?"

सहा बोटं माझ्याकडे! (डोळे अधू, पण नेम एकीचाही चुकला नाही.)

"काका, तुम्हीच आधी मशीनसमोर बसा. तपासणीत काही होत नाही, हे यांना दिसू दे."

मी ऐटीत हनुवटी टेकवली. बाई बघत राहिल्या. जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"काका, तुमच्याही दोन्ही डोळ्यांत सुरू झालाय."

"काय?"

"धबधबा."

माझा चेहरा असा काही पडला की सासूबाईंना हसू आवरेना. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "भियू नकात, जावयानू. आधी मी जातंय, तुमी मागसून येवा." आणि त्या खरंच आत गेल्या. त्या गेल्या म्हणून बाकीच्याही परत बाकावर येऊन बसल्या.

लग्नात सासूबाईंना नात लख्ख दिसली. त्या दिवशी मला खरंच भरून आलं.

मग माझा नंबर लागला. हिरव्या झग्यात मी डॉक्टरीणबाईंचा हात घट्ट धरला आणि विचारलं,

"डॉक्टर, हा आपला साधा मराठी मोतीबिंदूच आहे ना हो?"