खासगी रकाना

ही गोष्ट माझ्या बहिणीलाही ठाऊक नाही. जे केलं ते तिच्यासाठी केलं, असं मी इतकी वर्षं मनाशी घोकत आले — तिच्यासाठी? तुम्हीच ऐका.

शनिवार पेठेतल्या एका वधूवर सूचक मंडळात मी फॉर्म लिहायला होते. अक्षर मोत्यासारखं, म्हणून नोकरी. फॉर्मच्या डाव्या बाजूला नाव, पत्ता, उंची. उजवीकडे खासगी रकाना — आजारपण, मोडलेलं लग्न, चारचौघांत सांगू नये ते सगळं. मालकीण वसुधाकाकू प्रत्येकाला सांगायच्या, "इथलं इथेच राहतं." धाकट्या बहिणीचा फॉर्मही मीच भरला. उजवीकडे लिहिलं — लहानपणी फिट यायची, आता येत नाही.

तिचं खडकीचं स्थळ जमत आलं होतं. काकूंनी ते स्वतःच्या भाचीकडे वळवलं, आणि वळवताना मुलाच्या आईला तो रकाना वाचून दाखवला. केसानं गळा कापला. मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, खोटं तर नाही ना सांगितलं?" आणि चष्मा पुसत बसल्या. तेव्हाच ठरवलं — ह्या बाईचं नाक कापल्याशिवाय राहायचं नाही.

दिवाळीआधी जुने फॉर्म रद्दीत जायचे. रीत अशी, की प्रत्येक फॉर्म मधोमध उभा फाडायचा. डावे तुकडे एका रद्दीवाल्याला, उजवे दुसऱ्याला. नाव आणि गुपित एकत्र सापडू नये म्हणून. हे काम माझं. त्या वर्षी मी — कसं सांगू? — एकही फाडला नाही. सगळे गठ्ठे एकाच रद्दीवाल्याला दिले. त्याच्या कागदाच्या पिशव्या पेठेतल्या कोणत्या फरसाणवाल्याकडे जातात, हे मला पक्कं माहीत होतं.

आठवड्याभरात लोक चिवड्याच्या पिशव्या घेऊन मंडळाच्या जिन्यात उभे. काकूंचं तोंड पांढरंफटक. मला बरं वाटलं का? वाटलं. आजही आठवलं की वाटतं, उगाच कशाला लपवू?

मग एक बाई आल्या. तेलकट पिशवी उलगडून हातात धरलेली. त्यांच्या मुलीचं आधी एकदा लग्न मोडलं होतं. नवऱ्याला सांगितलेलं, सासूला नाही. सासूला ते ह्या पिशवीवरून कळलं, आणि आता मुलगी माहेरी येऊन बसली होती. बाई ओरडल्या नाहीत. पिशवीवरचं आणि माझ्यासमोरच्या फॉर्मवरचं अक्षर एकच बघून माझ्याकडेच वळल्या, "अहो, हे फाडायचं काम कोणाचं होतं?"

खरं बोलले असते तर भाचीचं प्रकरणही तिथेच, सगळ्यांसमोर निघालं असतं. काकू कायमच्या बुडाल्या असत्या — मीही. काकू म्हणाल्या, "फॉर्म चोरीला गेले. मंडळ काय करणार?" बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "हो. चोरीला गेले."

दुसऱ्या दिवशी काकूंनी पाटी लावायला सांगितली: 'खासगी माहिती स्वतःच्या जबाबदारीवर लिहावी. मंडळ जबाबदार नाही.' मी ती लिहिली, अगदी मोत्यासारख्या अक्षरात. 'जबाबदार नाही'खालच्या दोन रेघा मात्र काकूंनी सांगितल्या नव्हत्या. त्या मी आपणहून ओढल्या.