कॅमेरा डागी झाला त्याची गोष्ट

मोबाइलच्या दुकानात नवी काच बसवून घेताना मी दुकानदाराला दरवेळी बजावते, "आधीची प्लास्टिकची पट्टी काढली का, ते पाहा." तो माझ्याकडे असा पाहतो, जणू बाईंना यातलं काही कळत नाही. मला चांगलं कळतं. या एका विषयात पांढुर्ण्यात माझा हात धरणारं कुणी नसेल.

सौसरच्या एका शाळेत नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून मी नागपूरहून डिजिटल कॅमेरा घेतला, तो आईसाठी. आईला स्वतःचा एक चांगला फोटो हवा होता. तोवर तिचे दोनच फोटो होते. लग्नातल्या फोटोत तोंड मुंडावळ्यांमागे गेलेलं, आणि आधार कार्डावरच्या फोटोत ती कुणाच्या तरी अंगावर धावून जायच्या बेतात दिसते. "मी मेली का तुमी हाच मोठा करून आणान अन् हार घालान," ती म्हणायची. "येणारे-जाणारे भेतीन. त्याच्या आधी एक चांगला काढा. मले बी पाहू द्या भिंतीवर."

पण कॅमेरा पडला बाबांच्या हाती. बाबा संत्र्याचे व्यापारी. त्यांचा सगळा जन्म छटाईत गेला. छटाई म्हणजे एकेक फळ हातात फिरवून पाहायचं, साल स्वच्छ असली तर पेटीत, ओरखडा असला तर बाजूला. बाजूला पडलेलं ते डागी. डागी माल बाहेर पाठवायचा नाही, तो घरी खायचा. त्यामुळे संत्र्याच्या गावात जन्मून, चांगली नोकरीला लागेपर्यंत मी बिनडागाचं संत्रं खाल्लेलं नव्हतं. खायला दोन्ही सारखीच लागतात, हे मला सौसरच्या बाजारात कळलं.

तर बाबांनी कॅमेरा उलटसुलट केला आणि मागच्या, फोटो दिसतो त्या काचेवर बोट ठेवलं. "हे लई नाजूक हाय. याले ओरखडा पडला का माल गेला." काचेवर कंपनीची एक पातळ पट्टी होती, आणि ती ओढून काढायला कोपऱ्यात एक शेपटी. बाबांनी ती शेपटी ओढली नाही, टेपने चिकटवून टाकली. त्यावर वह्यांना घालतात ते प्लास्टिक मापात कापून बसवलं. चारी कडांना पुन्हा टेप. मग आईच्या जुन्या ब्लाउजची पिशवी, आणि ती पिशवी कागदाच्या कातरणात घालून संत्र्याच्या पेटीत. फोटो काढायचा म्हटलं की आधी पेटी उघडण्याचा कार्यक्रम होई, तोवर हसणारे कंटाळून उठून जात.

दर वापरानंतर बाबा काच पुसायचे. कशाने? खांद्यावरच्या दुपट्ट्याने. त्याच दुपट्ट्याने ते दिवसभर संत्री पुसत, आणि त्यात अर्ध्या बागेची माती असे. रोज थोडंथोडं होत गेलं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, पण महिन्याभरात त्या प्लास्टिकवर एवढे ओरखडे पडले की पलीकडे सगळं धुक्यात दिसायला लागलं. खरी काच मात्र खाली सुखरूप झोपलेली.

यात माझा एक गुन्हा आहे, तो सांगून टाकते. बाबांना फोटो पुसायचं बटण मी शिकवलं. त्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. कॅमेऱ्यातलं दुसरं कुठलंही बटण त्यांना धड जमलं नाही, हे एका मिनिटात जमलं. फोटो काढायचा, काचेत पाहायचा, धुरकट दिसला की डब्यात. त्यांची छटाई सुरू झाली.

एका शनिवारी आम्ही जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेलो. आईने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती, ती कशासाठी हे सगळ्यांना माहीत होतं. दर्शन झाल्यावर बाहेर उन्हात उभी राहिली, पदर सारखा केला, हसली. बाबांनी सात-आठ फोटो काढले आणि तिथेच उभ्या-उभ्या छटाई केली.

"धुरकट," बाबा म्हणाले.

"अन् तो दुसरा?"

"तो बी."

मीही डोकावून पाहिलं. धुरकटच होता. घरी येताना आई गाडीत बाहेर पाहत बसली. मग म्हणाली, "यंत्राले कायले दोष द्या. माझं थोबाडच तसं हाय. फोटोत येतच नाई."

त्यानंतर तिने फोटोचं नाव काढलं नाही. भाच्याच्या बारशाला सगळे ओळीत उभे राहिले तर ही वाटी-चमचे विसळायला आत निघून गेली. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो. पुढच्या रविवारी सौसरहून पांढुर्ण्याला घरी आले ती भांडायच्या तयारीनेच. "दुकानदारानं फसवलं आपल्याले. उद्या नागपूरला जाते अन् त्याच्या तोंडावर फेकते हा कॅमेरा."

"फेकू नको," बाबा घाबरून म्हणाले, "ओरखडा पडन."

आई ओसरीवर डागी संत्री सोलत बसली होती. सकाळीच बाबांनी तिचा असाच बसल्या-बसल्या एक फोटो काढला होता, तो पुसायचा राहिला होता. ती म्हणाली, "असा चिंध्या लावून नेशीन तं दुकानदार हसन. आण इकडं." टेप वाळून घट्ट झाली होती, नखाने निघेना. तिने बांगडीतली सेफ्टी पिन काढली, कोपऱ्यात घातली, आणि संत्र्याची साल काढावी तसं वह्यांचं प्लास्टिक, टेप, कंपनीची पट्टी, सगळं एका झटक्यात ओढून काढलं.

मी सकाळचा फोटो पाहायला बटण दाबलं. काचेत आई होती. धुकं नाही, काही नाही. कानावरचे पांढरे केस, कपाळावरची टिकली, हातात अर्धं सोललेलं संत्रं, आणि बाबांना काहीतरी टोमणा मारून झाल्यावरचं तिचं हसू.

आई बराच वेळ पाहत राहिली. "अवो," ती म्हणाली, "मी तं चांगली दिसून राहिली." मग तिचा आवाज बदलला. "किती पुसले माझे?"

बाबा दुपट्ट्याची घडी घालायला लागले.

"डागी संत्रे जनमभर मले खाऊ घातले. ते चालले घरात. अन् माझे फोटो धुरकट दिसले तं फेकून दिले? ठेवाचे होते ना. मी पाह्यले असते."

बाबांनी कॅमेरा हातात घेतला आणि सवयीने काचेवरून अंगठा फिरवला. कोपऱ्यात पिन लागली होती. चांगला बोटभर ओरखडा. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतात.

बाबांनी तो ओरखडा उजेडात धरून नीट पाहिला. मग पिशवी बाजूला ठेवली, आणि कॅमेरा आईच्या संत्र्याने ओल्या झालेल्या हातात दिला.

"घे," ते म्हणाले. "डागी झाला. आता घरचा हाय."

तो फोटो मोठा करून बैठकीत लावला आहे. आमच्याकडे भिंतीवर फोटो म्हणजे माणूस गेलेलं, त्यामुळे नवा पाहुणा आला की त्याच्यासमोर उभा राहून आवाज खाली आणतो, हात जोडतो, "कधी झालं?" विचारतो. बाबा मुद्दाम काही सांगत नाहीत. मग आई आतून चहा घेऊन येते.