डाव्या कानामागची वेणी

पाट्यावरचे भाजलेले शेंगदाणे निम्मे वाटून झाले होते, तेवढ्यात शेजारची तेरेझा कुंपणावरून ओरडली, "अगं किडेन, उद्या फोटोवाले येताहेत! हरवलेल्या पोरांचे फोटो काढून सगळ्या छावण्यांत लावणार. तुझ्या जोकुडूचं नाव घातलंय हो मी."

किडेनचा वरवंटा थांबला. "तुला कुणी सांगितलं होतं?"

"देवानं," तेरेझा म्हणाली. "तू काही घातलं नसतंस."

खोटं नव्हतं ते. दीड वर्षापूर्वी काजोकेजी गावात गोळीबार सुरू झाला, पळापळीत जोकुडूची आईपासून ताटातूट झाली, आणि ती पाच वर्षांची पोर परक्यांच्या घोळक्यातून सीमेपलीकडच्या या निर्वासितांच्या छावणीत, किडेनच्या दारी येऊन पोहोचली. किडेनला मूलबाळ नव्हतं. दर रविवारी गुडघे टेकून मागून मागून थकलेली बाई. तिला वाटलं, देवानं ऐकलं. पोरीला हिवताप आला तेव्हा तिनं स्वतः अन्न सोडलं. पण पोरीच्या तोंडी आपलं "मावशी"च. आणि बोलणं सगळं आईचं. आई शेंगदाणे याहून बारीक वाटायची. आई गाणं म्हणत भांडी घासायची. कधी न पाहिलेली ती बाई किडेनच्या झोपडीत तिसरी होऊन राहत होती, सवतीसारखी खुपत होती.

सगळ्यात खुपायची ती वेणी. जोकुडूच्या आईकडे डाव्या कानामागची एक वेणी उलटी, मानेकडून वर गुंफायची रीत होती. बाकीचं डोकं किडेननं उवांपायी केव्हाच सोडवून नव्यानं घातलं होतं. या एका वेणीला पोर हात लावू देत नसे. आता तिची नुसती जट झाली होती.

"इकडे ये. फोटोत अशी झिपरी दिसणार आहेस का? सोडू दे ती."

जोकुडूनं कानावर हात दाबून धरला. "मग आई मला ओळखेल कशी? मी उंच झालेय. दातपण पडलेत माझे."

किडेन हात धुवायला उठली. जट सोडवून सगळ्यांसारखी सरळ वेणी घातली, तर इतक्या चेहऱ्यांत ही पोर कुणाच्या नजरेत भरणार होती? इथंच राहिली असती. हाताचा कूट धुता धुता तिनं हा विचार चांगला घोळवून घोळवून केला. मग देवाची भीती वाटली. जळफळाट मात्र तसूभर कमी झाला नाही.

"कशी घालायची तुझी आई? नीट सांग."

"खालून वर. खूप घट्ट. तुला नाही जमायचं, मावशी."

"नाही जमायचं? बस बघू खाली!"

जट भिजवून तिनं केस न् केस मोकळा केला. तीनदा गुंफण चुकली, तीनदा उकलली. "हलू नकोस गं, खारीसारखी!" चौथ्यांदा वेणी बसली, कणसाच्या दाण्यांसारखी रेखीव.

जोकुडूनं बोटांनी चाचपलं. "आईसारखीच झालीय."

"आईपेक्षा घट्ट," किडेन म्हणाली. "फोटो बघेल तेव्हा कळू दे तिला, पोर कुणाच्या हातात होती ते."

कुंपणापलीकडे तेरेझा खुदकन हसली. किडेननं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. वेणी चमकायला हवी होती आणि घरात तेलाचा थेंब नव्हता. उरलेल्या शेंगदाण्यांवर टोपली पालथी घालून, रिकामी बाटली उचलून ती बाजारात तिळाचं तेल आणायला निघाली.