जोतीरामचं इंजिन जाम होत नाही

सांगलीत मिरज रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड होती आणि तिच्यावर पाटी नव्हती. पाटी रंगवायची म्हणून जोतीराम शेडगेनं तीनदा रंगाचा डबा आणला, आणि तिन्ही वेळा तो कुणाच्या तरी गाडीच्या टाकीला मारून संपवला. पण पाटीवाचून त्याचं कधी अडलं नाही. जावा, येझदी, राजदूत, दोन स्ट्रोकची जी म्हणून गाडी पार विटा-तासगावापर्यंत बंद पडायची, ती शेवटी इथंच यायची. जोतीराम फारसा बोलका नव्हता, बोलायला जणू कर बसतो अशा हिशेबानं बोलायचा. पण बावीस वर्षांत त्यानं बांधलेलं एकही इंजिन रस्त्यात जाम झालं नव्हतं, आणि हे तो सांगत नसे, लोकच सांगत.

जाम होणं म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. या गाड्यांत इंजिनाचं तेल पेट्रोलातच मिसळावं लागतं. तेल कमी पडलं किंवा पिस्टन फारच घट्ट बसवला, की तो तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. इंजिन जागीच थांबतं, मागचं चाक अडकतं आणि वरचा माणूस फेकला जातो. बाजाराला निघालेल्याचं फार तर ढोपर फुटतं, पण शर्यतीतल्याची मान मोडू शकते.

म्हणूनच वाळव्याकडचे सुभेदार लालासाहेब गुढीपाडव्यानंतर स्वतः शेडमध्ये आले. पलटणीतून परतल्यावर उसात रमलेला हा गडी कुणाच्या दारात सहसा जायचा नाही. त्यांच्याबरोबर टेम्पोत त्यांची सदुसष्टची लाल जावा होती आणि त्यांचा मुलगा जयराज होता, चोवीस वर्षांचा, एकुलता एक. साताऱ्याजवळच्या माळावर काही हौशी मंडळी दिवाळीनंतर शर्यती भरवणार होती. त्यात जुन्या दोन स्ट्रोक गाड्यांचा वेगळा गट होता आणि जयराजनं जेवण सोडून हट्ट धरला होता.

"हे बग जोतीराम," सुभेदार म्हणाले, "मला ह्यातलं काय बी पसंत न्हाई. पर तू बांधणार असशील तर बसू देतो त्याला. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई. एकलाच हाय मला, तुझ्या हवाली करतोय."

जोतीरामनं नुसती मान हलवली. चहा घेऊन आलेली त्याची बायको चंद्राबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "आवं सुभेदार, बिनघोर जावा घरला," ती म्हणाली. "ह्यांच्या तोंडातनं शब्द निघंना झाला तरी चालंल, पर इंजिन न्हाई दगा द्यायचं." सुभेदार हसले. त्यांना हसताना जयराजनं फार दिवसांनी पाहिलं.

मग सगळा उन्हाळा त्या जावात गेला. मडगार्ड, दिवा, हॉर्न, जे जे शर्यतीला नको ते सगळं उतरवून माळ्यावर टाकलं. सिलिंडरच्या आत पेट्रोल यायच्या आणि धूर जायच्या खिडक्या असतात, त्या जोतीराम अर्धगोल कानशीनं घासायचा, एका वेळी केसभर, आणि मग बोट फिरवून बघायचा. सायलेन्सर कापून टाकला आणि त्याच्या जागी पत्र्याचा फुगीर डबा बनवला. आधी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांतून तुकडे कापले, मग त्या मापानं पत्रा. पिस्टन नवा, सिलिंडर त्याच्या मापानं मोठा केलेला. ते काम माधवनगरच्या अर्जुना लेथवाल्याचं, आणि अर्जुनाच्या हातात खोट काढायला जागा नसायची. जयराज आठवड्यातून दोनदा यायचा, गाडीभोवती फिरायचा आणि चंद्राबाईकडून फुकटच्या शिव्या आणि पोहे खाऊन जायचा.

श्रावणात एका सकाळी चंद्राबाई दारात सडा टाकता टाकता खाली बसली. छातीत कळ आली म्हणाली. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती. वय त्रेचाळीस.

जोतीराम रडला नाही. आधी लोकांना वाटलं, धक्का बसलाय, घाटावर रडेल. घाटावर रडला नाही. मग वाटलं, दहाव्याला कावळा शिवेल तेव्हा रडेल. कावळा लगेच शिवला, आणि जोतीराम त्या कावळ्याकडे नुसता बघत उभा राहिला. जतला दिलेली त्याची लेक रेश्मा तेराव्यापर्यंत राहिली होती. जायच्या दिवशी ती त्याच्या पायाशी बसली. "आण्णा, एकडाव रडून घ्या. मोकळं वाटंल." तो "बरं" म्हणाला आणि थोड्या वेळानं त्यानं तिला विचारलं, "इंजिनाच्या पॅकिंगचा कागद कुठं ठिवलाय गं?" रेश्मा एसटीत बसेपर्यंत रडत होती, आणि गल्लीतल्या बायका जोतीरामला दगड म्हणू लागल्या.

दगड तो नव्हता. त्याला वाईट वाटत होतं असंही नव्हतं, त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. चहा समोर गार व्हायचा. दाढी कधी एकाच गालाची व्हायची. शेजारून डबा यायचा तो संपायचा, पण त्यात काय होतं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकदा कवठेमहांकाळचं एक गिऱ्हाईक आलं, त्याला काही ठाऊक नव्हतं. "वैनी दिसनात?" त्यानं विचारलं. जोतीराम म्हणाला, "न्हाईत," ती बाजारात गेल्यासारखं, आणि प्लग साफ करू लागला. ती गेली, हे शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते.

हात मात्र चालत होते. चौदाव्या दिवशी त्यानं शेड उघडली आणि जावाचं इंजिन जोडायला घेतलं. इतकं नीट इंजिन त्यानं उभ्या आयुष्यात जोडलं नसेल. पहिल्या लाथेला ते सुरू झालं. जयराजनं त्याला मिठी मारली, आणि त्यानं मिठी सुटेपर्यंत वाट पाहिली. मग नव्या पिस्टनला सिलिंडरची सवय लागावी म्हणून जोतीराम आठवड्यातून एका सकाळी गाडी सावकाश हाकायचा. मिरज, तासगाव, परत. लोक कामाला निघालेले असायचे. दिवाळीपर्यंत साडेचारशे किलोमीटर झाले. आवाज असा लागला होता की येणारा-जाणारा सायकल थांबवून ऐकायचा.

शर्यतीच्या रविवारी पहाटे जावा टेम्पोत चढवली. कराडच्या पुढं एका पंपावर जोतीराम पेट्रोलचा रिकामा कॅन घेऊन उतरला.

"पाच लिटर."

"तेल मारू का त्यात?" पंपावरच्या माणसानं विचारलं.

"नगं. तेल घरी हाय," जोतीराम म्हणाला. बावीस वर्षं तो पंपावर हेच सांगत आला होता. कॅन भरला, टेम्पो निघाला.

माळावर जत्रेसारखी गर्दी होती. भेळवाले होते, कर्णा होता, आणि पोत्यांचे ढीग लावून मुरमाची वाट आखली होती. सुभेदार एसटीनं आले होते आणि दोरीला टेकून उभे होते. जोतीरामनं कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं, साखळी तपासली, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. आठ फेऱ्यांची शर्यत होती. दुसऱ्या फेरीला जयराज तिसरा होता, चौथीला पहिला. कर्ण्यावरचा माणूस त्याचं नाव घेऊन बेंबीच्या देठापासून ओरडत होता. पाचव्या फेरीला सरळ वाटेवर गाडीचा आवाज एकदम बारीक झाला. तो आवाज गर्दीत फक्त जोतीरामला कळला. त्यानं तोंड उघडलं, पण तोवर चाक अडकलं होतं. जावा आडवी फेकली गेली आणि जयराज पोत्यांवरून पलीकडे गेला.

सगळे धावले. जयराज शुद्धीवर होता, मान शाबूत होती. खांद्याजवळचं हाड मोडून कातडीखाली वर आलं होतं आणि तो ओरडत होता. त्याला जीपमध्ये घालून साताऱ्यात हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. सुभेदार बरोबर गेले.

जोतीराम गाडीपाशी राहिला. किक दाबून पाहिली, ती हलेना. मग त्यानं टाकीचं झाकण काढलं, दोन बोटं पेट्रोलात बुडवली आणि एकमेकांवर घासली. बोटं कोरडी झाली. तेल असतं तर ती निसरडी राहिली असती.

तेल आपण घातलं नाही, हे त्याला कळलं. आणि मग दुसरं कळलं, की तेल आपण कधीच घातलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात चंद्राबाईनं कॅन त्याच्या हातातून घेतला होता, तुम्ही सांडता म्हणून. तेव्हापासून ते काम तिचं. आधी तेल मापून, मग पेट्रोल, मग कॅन ताकासारखा घुसळायचा. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं वीस लिटरचा कॅन मिसळून कोपऱ्यात ठेवला होता. तीन महिने जावा त्याच कॅनवर पळाली. काल तो संपला, म्हणून यानं धाकटा कॅन उचलला, पंपावर नेऊन भरला आणि ओतला. कॅनमधलं पेट्रोल म्हणजे तेल घातलेलंच, ही इतक्या वर्षांची सवय; घर मागं राहिलंय आणि तिथंही मिसळायला कुणी नाही, हे डोक्यात आलंच नाही.

तो टेम्पोत बसून डॉक्टरकडे गेला. आत जयराजचा हात छातीशी बांधत होते. सुभेदार बाहेर बाकावर बसले होते आणि वाळव्याहून आलेली चार माणसं त्यांच्याभोवती होती. जयराजच्या जिवाला धोका नाही, हाड जुळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जीव भांड्यात पडल्यावर आता राग वर आला होता.

"जोतीरामचं इंजिन असं जाम हुईत न्हाई," सुभेदार म्हणत होते. "त्या लेथवाल्यानं घान केली. घट्ट ठिवलं त्यानं सिलिंडर. उद्याच जातो माधवनगरला, त्येचं लेथच भाईर काढून टाकतो. काय रं जोतीराम?"

नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. गप्प राहणं त्याला चांगलं जमत होतं. बावीस वर्षांचं नाव तसंच राहिलं असतं, आणि अर्जुनानं चार शिव्या खाल्ल्या असत्या.

"अर्जुनाचं काम चोख हाय," जोतीराम म्हणाला. "पेट्रोलात तेल न्हवतं. मी घातलं न्हाई."

सुभेदार उठले. त्यांना अर्थ कळायला एक क्षण लागला, आणि मग त्यांनी सगळ्यांदेखत त्याच्या सणसणीत थोबाडीत मारली. पलटणीतला हात होता. जोतीरामचं डोकं भिंतीला आपटलं.

"एकलाच हाय म्हनून सांगितलं हुतं तुला!" सुभेदार ओरडले. "बावीस वर्सं तेल घालतोस आनि माझ्याच पोराच्या येळला इसरलास?"

"मी न्हवतो घालत," जोतीराम म्हणाला. गाल चुरचुरत होता, कान वाजत होता. "तेल चंद्री घालायची, सुभेदार. मला वाटलं, घातलं आसंल तिनं." पुढचं वाक्य त्याला दिसत होतं आणि ते टाळायला आता कुठं जागा उरली नव्हती. "ती मेली न्हवं का."

एवढं बोलला आणि त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. भिंतीला घासत तो खाली बसला आणि लहान मुलासारखा हंबरडा फोडून रडू लागला. औषधं देणारी बाई दारात आली. वाळव्याची माणसं इकडेतिकडे बघू लागली. दुसऱ्यांदा मारायला उचललेला हात सुभेदारांनी कुठं ठेवावा ते त्यांना कळेना, मग तो त्यांनी जोतीरामच्या डोक्यावर ठेवला आणि त्याच्याजवळ फरशीवर बसले.

आतून जयराजनं हाक मारली, "आबा, कोन रडतंय? काय झालं?"

"जोतीराम हाय रं," सुभेदार म्हणाले. "त्येची बायकू गेली."