काटकोनकाकांची पेटी

त्यांना सगळे काटकोनकाका म्हणत, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. उभा जन्म सुतारकामात गेलेल्या या माणसाला तिरकं काही खपतच नसे. कुणाकडे गेले की चहा येईपर्यंत भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचे. "पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा आधी दाराची चौकट बघितली, मग मला," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. काकांच्या खिशात काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या कायम असे. झोपतानाही तो उशाशी लागायचा.

कारखान्यातलं काम सुटल्यावर ते इमारतीतली किरकोळ दुरुस्ती करत. त्या वर्षी दारं फार अडकत होती. "लाकूड आहे, दमट हवेनं फुगणारच," असं म्हणत काका रंधा घेऊन जायचे आणि कड तासून द्यायचे. दार पुन्हा निमूट बंद व्हायचं. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकही दार त्यांच्या रंध्यातून सुटलं नाही. स्वतःच्या घराचं दार तर त्यांनी दोनदा तासलं होतं, आणि बायकोसमोर त्याची फुशारकीही मारली होती.

मग एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या मालकानं त्यांना मुदत संपलेल्या फोटोच्या कागदाचे मोठाले ताव दिले, आणि एक युक्तीही सांगितली. भिंग नको, काही नको. अंधारी पेटी करायची, सुईएवढं भोक पाडायचं आणि समोर कागद लावायचा. दिवसचे दिवस तशीच ठेवली की ऊन स्वतःच कागदावर चित्र काढतं. जे स्थिर असतं तेच उमटतं. जे हलतं ते पुसट होतं, नाहीतर उमटतच नाही.

काकांच्या मानगुटीवर ते भूतच बसलं. जुनं कपाट मोडून त्यांनी माणूस मुटकुळं करून बसेल एवढी पेटी केली. सांध्यातून उजेडाचा कण शिरू नये म्हणून फटी बुजवल्या, आतून काळा रंग दिला. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून त्याला सुईनं भोक पाडलं आणि पॉलिश पेपरनं घासून घासून त्याची कड साफ केली. पेटी खिडकीत बसली. समोर रस्त्यापलीकडे त्यांच्या धाकट्या बहिणीची इमारत होती. नवरा गेल्यापासून ती तिथे एकटीच राहायची.

पहिलं चित्र निघालं ते बघून काकूंनी तोंड फिरवलं. सगळं उलटंपालटं, आभाळ काळं, भिंती पांढऱ्याफटक. एवढ्या वर्दळीच्या रस्त्यावर एकही माणूस नव्हता.

"सगळे मेल्यासारखं दिसतंय हो. जाळून टाका," काकू म्हणाल्या.

काकांचं लक्ष भलतीकडेच होतं. बहिणीच्या गच्चीचा कठडा दोनदा उमटला होता, एकावर एक, जरासा सरकून. पेटी हलली असणार. त्यांनी स्वतःलाच शिव्या घातल्या आणि पेटी जाड स्क्रूंनी थेट भिंतीत आवळली. आता बैलानं धडक दिली तरी ती हलणार नव्हती.

दुसऱ्या चित्रात कठडा पुन्हा दोनदा आला, आणि मधलं अंतर वाढलं होतं.

पेटी हलत नाही, म्हणजे समोरची इमारत हलतेय. काका कागद घेऊन त्या इमारतीत दारोदार फिरले. लोक हसले. शेवटी कटकट नको म्हणून तिथल्या लोकांनी इंजिनिअरला बोलावलं. त्यानं इमारत वरपासून खालपर्यंत तपासली आणि तिला काही झालेलं नाही असं स्वच्छ सांगितलं. काकांना ते पटेना. बहिणीचा जीव जाणार, या एकाच विचारानं त्यांना घास गोड लागेना. ते सरळ तिच्याकडे गेले आणि तिची बॅग भरायला लागले.

"दादा, अरे इंजिनिअर म्हणतोय ना काही नाही म्हणून!"

"तो पगारी माणूस आहे. मी तुझा भाऊ आहे. चल."

ती आली, भावाचा हट्ट म्हणून. बहीण आता आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर सुखरूप आहे, म्हणून काका कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

एका दुपारी त्यांनी तिसरा कागद काढला आणि पडदे ओढून टेबलावर पसरला. कठडा आता साफ दुहेरी दिसत होता.

"बघ! उगाच आणलं का तुला?"

बहीण वाकून बघत राहिली. मग तिनं बोट टेकवलं. "दादा, ती मागच्या टेकडीवरची पाण्याची टाकी पण हलतेय का रे?"

काकांनी चष्मा पुसला. टाकी दोनदा उमटली होती. रस्त्यावरचा दिव्याचा खांब दोनदा. कोपऱ्यावरचं दुकान दोनदा. इतके दिवस त्यांनी फक्त बहिणीची गच्ची बघितली होती. सगळं जग सारख्याच अंतरानं सरकलं होतं. टेकडी काही सरकत नसते. पेटी सरकत होती, आणि ती तर भिंतीत आवळलेली.

त्यांनी खिशातून गुण्या काढला, दाराजवळ गेले आणि चौकटीच्या कोपऱ्याला लावला. गुण्या आणि लाकूड यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती. लाकूड फुगलं नव्हतं. चौकट तिरकी होत होती, आणि प्रत्येक वेळी ती सांगायला लागली की त्यांनी रंधा मारून तिचं तोंड बंद केलं होतं. आपल्या घरात, आणि मजल्यामजल्यावर.

"चला," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "दोघी बाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता."

"आता कुठे?" बहीण हसली. "परत माझ्याकडे?"

"हो, तुझ्याकडे! चपला राहू दे!"

त्यांनी कडी काढून दार ओढलं. दार हललं नाही. पाय लावून ओढलं. वरून चुन्याची भुकटी त्यांच्या केसांवर पडली. काकू सवयीनं रंधा घेऊन आल्या.

"तो नको," काका म्हणाले. "कुऱ्हाड आण."

तेवढ्यात जिन्यातून वरच्या शेजारणीची हाक आली. "काटकोनकाका, रंधा घेऊन जरा वर येता का हो? आमचं दार पुन्हा अडकलंय, आणि पोरं आत आहेत."