तिनं सोलून ठेवलेल्या कळ्या

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कपाशीच्या कळ्या सोलणं. त्यात विशेष काही नव्हतं. पोळा होऊन पंधरा दिवस झाल्ते, रविवार होता, आणि रोजच्यासारखे दुपारी तीनला आम्ही प्लॉटात उतरलो. ती पुढं, मी मागं पिशव्यांचं गाठोडं घेऊन.

आमच्या तीर्थपुरीकडच्या भागात काही जण कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट घेतात. ज्याला माहीत न्हाई त्याच्यासाठी सांगतो. नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. मादीच्या झाडावर जी कळी उद्या फुलणार, ती आज दुपारी अंगठ्याच्या नखानं सोलायची. पाकळ्या आणि नराचा भाग काढून टाकायचा, मधली नाजूक दांडी तेवढी ठेवायची आणि तिच्यावर लाल कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्या दांडीवर फिरवायचं, लाल पिशवी काढायची, पांढरी चढवायची. लाल म्हणजे राह्यलं, पांढरी म्हणजे झालं. अकराच्या पुढं गेलं की दांडी सुकते, आणि कालची मेहनत दोन दिवसांत गळून खाली पडते.

सोलायचं काम तिचं. हंगामभर ती उजव्या अंगठ्याचं नख वाढवायची, ते कपाशीच्या चिकानं पिवळं पडलेलं असायचं. माझा हात जड. मादीच्या फुलाला ती मला शिवू देत नव्हती. "तुम्ही पिशव्या द्या अन् गप ऱ्हावा," म्हणायची. चाळीस वर्षं घरात सगळीकडं माझंच चाललं. प्लॉटात तिचं चालायचं.

बांधावर नात बसली होती. पोराची पोरगी. पोरगा जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये आहे, तो आणि सून तिथंच राहतात. खोली एवढीशी, म्हणून पोरगी आमच्याजवळ राहून दहावी करती. सोमवारी तिची इंग्रजीची चाचणी होती. ती एकच वाक्य घोकत होती, "बाय टेन ओ'क्लॉक आय विल हॅव फिनिश्ड माय वर्क."

"दहा येळा तेच कामून म्हणती?" मी विचारलं.

"आबा, हा फ्युचर परफेक्ट हाय. लई अवघड. सर एकेकाला उभं करून पाच-पाच वाक्यं म्हणायला लावणार हायेत."

"मंग त्याचा अर्थ काय?"

"दहा वाजेपर्यंत मी माझं काम संपवलेलं असेन."

"म्हणजे संपलं का न्हाई?"

"आत्ता न्हाई संपलं. पण दहा वाजता पाहिलं तर संपलेलं असंल."

मी चौथी शिकलो. जे झालं ते झालं, जे व्हायचं ते व्हायचंय, एवढं मला कळतं. जे झालंच न्हाई ते आधीच झालेलं कसं धरायचं? मी म्हणालो, "ही इंग्रजाची लबाडी हाय. काम करायचं न्हाई अन् झालेलं असंल म्हणायचं. आपल्या तलाठ्यासारखं."

पोरगी हसली. हिनं मान वर केली न्हाई. तिचं नख चालूच होतं. "मला तर बराबर कळलं," ती म्हणाली.

"तुला? तुला पाटी माहीत न्हाई."

"पाटी कशाला लागती? ह्या लाल पिशव्या पाहा. उद्या अकराला इथं येऊन पाहा, समद्या पांढऱ्या झालेल्या असतील. आत्ता लालच हायेत. पण म्या छातीठोक सांगते का न्हाई? मंग! बाईमाणसाचं समदं असंच चालतं. तुम्ही रानातून येताल तव्हर भाकरी टाकलेल्या असतात. त्या काय तुम्ही आल्यावर वरून पडतात?"

पोरगी टुणकन उठली. "आज्जी, अजून सांग, अजून सांग. मी इंग्रजीत करते."

मंग दोघींचं सुरू झालं ते शेवटच्या ओळीपर्यंत चाललं. ही मराठीत सांगायची, ती इंग्रजीत करायची. बस येईल तव्हर माझी वेणी झालेली असंल. दिवाळी येईल तव्हर पहिली वेचणी झालेली असंल. पाव्हणे दारात येतील तव्हर तुझा आबा मागच्या दारानं पळालेला असंल. याला पोरगी इतकी हसली की पुस्तक ढेकळात पडलं. मी पिशव्या देत होतो आणि चिडत होतो. मला जमत न्हाई ते अडाणी बायकोला जमावं, याचा राग येत होता. खोटं कशाला बोलू.

"आबा, तुम्ही एक सांगा ना."

"मला न्हाई येत."

"एक तर सांगा. सोपं सांगा."

मी म्हणालो, "तुझं लगीन होईल तव्हर तुझी आज्जी मेलेली असंल."

पोरगी ढेकळातलं पुस्तक उचलायला लागली. ही मात्र खळखळून हसली. "पाहा! आलं का न्हाई तुमाला? बराबर आलं. काढ गं इंग्रजीत."

पोरीनं काही त्याचं इंग्रजी केलं न्हाई.

माझी जीभ अशीच. पहिल्यापासून अशीच. सोयऱ्याधायऱ्यांत मला खवट म्हातारा म्हणतात, आणि ते खरं आहे. माझ्या बोलण्यानं झालं असं मी म्हणत न्हाई. बोलल्यानं माणूस मरत असता तर माझ्या भावकीतलं कोणीच उरलं नसतं. पण नीट जमलेलं माझं ते पहिलं वाक्य, आणि ते हे होतं. दुसरं सुचलं असतं तर बरं झालं असतं.

साडेपाचला आम्ही बांधावर आलो. शेवटच्या ओळीत तिला थोडा वेळ लागला. "जल्दी कर, दिवस बुडाला," असं मी दोनदा ओरडलो. ती म्हणाली, "झालंच." घरी आलो. तिनं हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला, पोरीला म्हणाली चहा टाक. आणि मंग ओट्यावर बसली ती भिंतीला टेकून बसली. ती कधी टेकून बसत नसे. तोंडावर घाम होता.

"काय होतंय?"

"काय न्हाई. छातीत भरून आल्यासारखं वाटतंय."

शेजाऱ्याची जीप होती. त्यानं विचारायचीही वाट पाहिली न्हाई, गाडी दारात लावली. मी मागं बसलो, तिचं डोकं माझ्या मांडीवर. पोरीनं निघायच्या आधीच बापाला कळवलं होतं, आता पुढं बसून परत फोन लावत होती. रस्ता खराब, गाडी आपटत होती. दर आपटण्याला मी तिच्या डोक्याखाली हात घालत होतो. तिचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडं पाहत होती, पण बोलत नव्हती.

फोन लागला. पोरगी म्हणाली, "पप्पा, कुठं हायेत? ... आबा, पप्पा निघालेत मोटारसायकलवर. अंबडच्या अलीकडं आलेत. म्हणतात एका तासात दवाखान्यात पोचतो. आज्जीला सांग म्हणतात, येतोच."

मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, "पोरगा येऊन राह्यला. एका तासात येतो." तिनं मान हलवल्यासारखं केलं. आणि तेव्हा मला कळलं. तो येईल तव्हर ही गेलेली असंल. मनात हे शब्द कुणी बसवून दिल्यासारखे आले. दुपारी जे मला लबाडी वाटत होतं ते मांडीवर आडवं होतं. अजून श्वास चालू होता, हात गरम होता, आणि मला सगळं पलीकडून दिसत होतं. मी काही बोललो न्हाई. पुढं पोरगी बसली होती.

तीर्थपुरीच्या दवाखान्यात डॉक्टरनं हात पाहिला, छातीला नळी लावली, आणि मला बाजूला घेतलं. भला माणूस होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हणालो, "मला माहीत हाय, बोला." पोरगा पोचला तेव्हा आम्ही तिला परत जीपमध्ये ठेवत होतो. त्यानं डोक्यावरचं हेल्मेटही काढलेलं नव्हतं.

रात्रीचं मी लिहीत न्हाई. लिहायचा जीव राह्यला न्हाई आणि ते सगळ्यांच्या घरी सारखंच असतं.

लेक परभणीवरून यायची होती, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. लेक पहाटे आली. आठच्या आत सगळं झालं. पोरानं अग्नी दिला. माणसं थोडी थांबली, मंग एकेक करून अंघोळीला निघाली. आमच्यात रीत आहे, तिथून मागं न पाहता निघायचं, अंघोळ करायची, घरी येऊन दिव्याचं दर्शन घ्यायचं, कडुनिंबाचं पान चावायचं. मी सगळ्यांच्या मागून चालत होतो. फाट्यावर आलो. डावीकडं घर, उजवीकडं प्लॉट. मी उजवीकडं वळलो.

चुलतभावानं हाक मारली. माझ्यापेक्षा मोठा आहे तो. "कुठं निघाला?"

"प्लॉटात."

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं? सुतक हाय. सुतकात उभ्या पिकात पाय घालू नये, पीक जळतं."

"दादा, कालच्या कळ्या सोललेल्या हायेत. अकरापर्यंत नर न्हाई लावला तर समद्या जातील."

"जाऊ दे! एका दिवसाच्या कळ्यांनी काय होतं? लोक काय म्हणतील? बायकोची राख निवली न्हाई अन् हा कपाशीत गेला."

"लोक कळ्या सोलायला आल्ते का?"

पोरगा मधी पडला. त्याचे डोळे सुजले होते. "आबा, राहू द्या ना. मी मिस्त्रीला सांगून चार दिवस सुट्टी घेतलीय. उद्यापासून मी करतो."

"उद्याच्या तू कर. ह्या तिनं केलेल्या हायेत."

दादा म्हणाला, "मंग तुझं तू पाहा," आणि खाली थुंकला. मी गेलो.

शिवारात कुणी नव्हतं. गावात मयत झालं की त्या दिवशी आमच्याकडं कुणी औत धरत न्हाई. विहिरीवरचं पाण्याचं इंजनही बंद होतं. मी बांधावरच्या गाठोड्यातून पांढऱ्या पिशव्या काढल्या, नराच्या ओळीतून फुलं तोडून उपरण्यात घेतली आणि पहिल्या ओळीला उभा राह्यलो. मला कुणी शिकवलेलं नव्हतं, नुसतं पाहिलेलं होतं. ती म्हणायची, नवरीच्या गालाला हळद लावतात तसं फिरवायचं, घासायचं न्हाई. पहिल्या चार-पाच दांड्या माझ्या हातानं मोडल्या. मी तिला शिव्या दिल्या. कामून दिल्या ते मला माहीत न्हाई. मंग हात बसला.

तिची पिशवी ओळखू यायची. ती खालचं टोक दुमडून बारीक पीळ द्यायची, वारा आला तरी निघत नसे. सगळ्या ओळीभर तोच पीळ. मी एकेक उकलत होतो, फूल फिरवत होतो, पांढरी चढवत होतो. माझा पीळ तसा येत नव्हता.

शेवटच्या ओळीत अर्ध्यावर गेल्यावर पीळ बदलला. आधी सैल झाला. पुढच्या झाडांवर पिशव्या नुसत्या अडकवलेल्या होत्या, वाकड्या. काही कळ्या अर्धवट सोललेल्या, पाकळी राह्यलेली. दोन ठिकाणी नख दांडीत घुसलं होतं. तिच्या हातून असं कधी झालेलं न्हाई. मी तिथंच उभा राह्यलो. तिला इथूनच दुखायला लागलं होतं. इथून बांधापर्यंत ती छातीत कळ मारत असताना सोलत गेली. त्याच वेळी ती बांधावरच्या पोरीला हसून एकेक वाक्य सांगत होती. आणि मी दोन पावलांवरून पिशव्या देत होतो आणि जल्दी कर म्हणत होतो.

किती वेळ गेला सांगता येत न्हाई. मागं पावलं वाजली. नात होती. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, हातात पाण्याचा तांब्या. रडून तिचा आवाज बसला होता.

"आबा, साडेदहा झाले. किती राह्यल्या?"

"ही अर्धी ओळ."

"मी नर आणू का?"

तिलाही सुतक होतं. तिला परत जा म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "आण. ताजी पाहून आण, पिवळी भुकटी सुटती ती."

ती फुलं घेऊन आली. तिची बोटं बारीक आहेत. वाकड्या पिशव्या तिनं काढल्या, राह्यलेल्या पाकळ्या नखानं हळूच काढल्या, मी फूल फिरवलं, तिनं पांढरी चढवली. नख घुसलेल्या दोन दांड्यांपाशी ती थांबली आणि माझ्याकडं पाहिलं. त्या वाया गेलेल्या होत्या, तिलाही कळत होतं. मी त्यांच्यावरही फूल फिरवलं.

ओळ संपली तेव्हा ऊन डोक्यावर आल्तं. मी तिला म्हणालो तू हो पुढं. मंग विहिरीवर गेलो, कपड्यासकट हौदात उतरलो आणि बादलीनं डोक्यावरून पाणी घेतलं. तिच्या नावाची अंघोळ राह्यली होती.