चुनकळीची गाडी
भिंतीसाठी चुना विझवायला सून बसली, आणि त्या वासानं मला बाळापूरचा नदीकाठ आठवला. परमुलखातल्या लढाईमुळे तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता, अन् अकोल्याच्या वाटेवर गाड्यांची रांग लागलेली असे. आमची गाडी मात्र चुनकळीची, न विझवलेल्या चुन्याच्या खड्यांची. पुढेमागे कापसाच्या गाड्या आणि मध्ये आम्ही दोघं नवराबायको. नदीच्या उतारावर खोळंबलो होतो, तेवढ्यात अवकाळी शिंतोडे आले. आमची पोती फसफसू लागली आणि खाली अंथरलेल्या कुटाराच्या वाळल्या भुशातून धूर निघाला. "पाणी टाका लवकर," मागचा गाडीवान ओरडला. ह्यांनी घागर उचलली. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "शेरभर कळीवर शेरभर पाणी टाकलं तं ते उकळते, घागरभर टाकलं तं नुसतं कोमट होते. एवढ्या कळीले एक घागर म्हंजे शिंतोडाच. आणखी पेटन. हिले नदीच पाह्यजे." "सारा माल जाईन," हे म्हणाले. "कापूस पेटला तं माणसं जातीन," मी म्हटलं. ह्यांनी घागर खाली ठेवली आणि बैल सोडले. सगळ्या गाडीवानांनी मिळून गाडी उतारावरून डोहात लोटली. पाणी पांढरं झालं, काही वेळ खदखदलं, मग हळूहळू निवलं. ह्यांनी वाकून त्यात हात घातला. "कोमट हाय," एवढंच म्हणाले आणि तिथंच ओल्या वाळूत बसले. मीही शेजारी बसले. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. थंडीत अंघोळीचं पाणी हाताला तेवढंच कोमट लागलं, की मी हात थोडा वेळ त्यात तसाच ठेवते.